आमच्या टेबलावरची एक बाई

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. घरात फोन असताना ही पत्र का लिहिते, असं वाटेल तुम्हाला. मागच्या वेळी फोनवर नुसतं "कंबर कशी आहे?" असं विचारलं, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई मलमाची डबी घेऊन खाली आल्या. तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी इकडे घसा फोडते आणि तुम्ही तिकडून "काय? अंबर?" असं विचारता. आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात आमच्या धुलाई कारखान्याच्या फाटकाशी एक पांढरी मोठी गाडी येऊन उभी राहिली. बायकांच्या छातीची तपासणी, तीही फुकट. आत फोटो काढायचं मशीन, पडदा, आणि काम करणाऱ्या सगळ्या बायकाच. आता इतकं सगळं नीट केलं, तर गाडी कुठे लावावी माणसाने? चहाच्या टपरीसमोर! तिथे आमचे सगळे ड्रायव्हर आणि हमाल दिवसभर पाय पसरून बसलेले असतात. त्यात सुपरवायझर बाईंनी भोंग्यावर पुकारलं, "ज्यांना छातीची काही तक्रार असेल, त्यांनी गाडीकडे जावं." झालं. म्हणजे जी जाईल ती तक्रारवाली. इस्त्रीच्या रोलरवरची आमची लांबोडी तेवढी गेली, फुकटचं काही सोडायचं नाही हा तिचा बाणा. तिला काही निघालं नाही, पण संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत तिच्या सासूच्या कानावर गेलं होतं की सुनेला "तसलं" काहीतरी झालंय. मग बाकीच्या कशाला हलतात! कुणाला घरी विचारायचं होतं, कुणाची कामाची पाळी बुडत होती, कुणी म्हणालं नाव काढलं की येतं ते, नावच काढू नका.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या घडीच्या टेबलावर एक बाई आहे. तिला हाताला काहीतरी लागतंय. वाटाण्याएवढं, दुखत नाही, पण हलतही नाही. कितीतरी महिने झाले म्हणे. तिने कुणाला सांगितलेलं नाही, मलाही चुकून बोलून गेली आणि लगेच शपथ घातली, म्हणून नाव लिहीत नाही. अंघोळीच्या वेळी तिकडे बघायचं टाळते, दिवा न लावता कपडे बदलते. चादरींची टोपली दुसऱ्या बाजूला घेते. विचारलं की म्हणते, दुखत नाही ना, म्हणजे काही नसणार. मुलीची सोयरीक जमत आलीय, त्यात हे निघालं तर काय, हीही भीती आहेच. गाडी परत महिन्याभराने येणार आहे. तिला आत चढवायचं कसं, ते सांगा. माणसं वळवण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही, मी स्वतः भोगलंय.

तुमची भावजय

११ फेब्रुवारी

वहिनीबाई,

किल्ल्या कापायच्या मशीनने माझे कान खाल्ले हे खरं. नवऱ्यामागे इतकी वर्षं त्या कर्कश चाकासमोर बसले, दुसरं काय होणार. पण मी बहिरी आहे गं, आंधळी नाही. "आमच्या टेबलावर एक बाई आहे" म्हणे! माझ्या दुकानात रोज एखादा माणूस येतो आणि म्हणतो, "आमच्या एका मित्राची तिजोरीची किल्ली हरवलीय." तो मित्र कोण असतो ते मला पहिल्या वाक्याला कळतं.

ती बाई तूच आहेस. दिवा न लावता कपडे बदलते हे तुला कुठून कळलं? तू काय तिच्या घरात उभी असतेस? वाटाण्याएवढं आहे, हलत नाही, दुखत नाही, हे कुणी चुकून बोलत नाही. हे रोज रोज हात लावून बघणाऱ्याला माहीत असतं. भीती वाटते म्हणून बघायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही, असं होतं ते.

तेव्हा नाटकं पुरेत. गाडीची वाट बघू नकोस, सरळ दवाखान्यात जा. माझ्या भावाला सांगायची लाज वाटत असेल तर मी लिहिते त्याला. आणि "आधी तुम्ही गेलात का कधी?" असं तू विचारणार, मला ठाऊक आहे, सासरी आल्यापासून तुझं हेच चालू आहे. तर ऐक. मी जाते आधी. इथे बाजारामागे सरकारी दवाखाना आहे, तिथे करतात. मी एवढी म्हातारी, बहिरी, विधवा बाई जाऊन आले की मग तुला कुठलं तोंड राहील? बघतेच.

तुझी नणंद

१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचे पाय धरावेत की तुमच्याशी भांडावं, ते मला कळेनासं झालंय.

ती बाई मी नाही हो! खरंच नाही. दिव्याचं तिनेच सांगितलं, टोपलीचं मी रोज बघते. पण तुमचं पत्र पडलं तुमच्या भावाच्या हातात. बहिणीचं अक्षर दिसलं की ह्यांना धीर धरवत नाही, फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मी कामावरून आले तर हे स्वयंपाकघरात भांडी घासत होते. लग्न झाल्यापासून ह्यांनी घासलेलं पहिलं भांडं ते. मला वाटलं, बस डेपोतली नोकरी गेली बहुतेक. मग माझ्यापुढे चहा ठेवला, स्वतः समोर बसले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "तुला ते... वरचं... काही होतंय का?" मी म्हटलं, वरचं म्हणजे काय, डोकं? तर आणखीच लाल झाले. इतकी वर्षं संसार केला, पण त्या जागेला ह्यांच्या तोंडी शब्द नाही. आणि माझ्या तरी कुठे होता?

मी सगळं समजावून सांगितलं, दुसरीच कुणी आहे म्हणून. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. म्हणाले, "नसेलही. पण तू जाऊन ये. पाळी बुडली तर बुडू दे. ताईनं सांगितलंय ना." वन्सं, खरं सांगू? गाडी आली तेव्हा मीही म्हणाले होते, ह्यांना विचारावं लागेल. आणि मी विचारलंच नव्हतं. ह्यांना विचारायचंय असं म्हटलं की पुढे कुणी काही बोलत नाही, एवढंच मला सोयीचं होतं. तुम्ही चुकून माझ्यावर नेम धरलात, पण चुकून का होईना, बरोबर बसला.

भांडी घासणं दोन दिवस चाललं. आता पुन्हा बंद आहे. तुमच्याकडून आणखी एखादं असलं पत्र आलं तर बरं होईल.

तुम्ही मात्र उगाच जाऊ नका, पैज संपली. तुम्हाला काय झालंय!

तुमची भावजय

६ मार्च

वहिनीबाई,

पैज संपल्याचं तुझं पत्र उशिरा आलं, तोवर मी जाऊन आले होते. एकदा म्हटलं की म्हटलं.

तुला आमच्या दवाखान्याची गंमत सांगते. काचेमागे एक बाई बसलेली असते. तिने ओठ हलवले, मी म्हटलं ऐकू येत नाही. तिने मग काचेला तोंड लावून विचारलं, "छातीला काय होतंय?" मला ऐकू आलं, म्हणजे अख्ख्या हॉललाही आलं असणार. मी म्हटलं, "अहो हळू बोला," आणि हे मी किती मोठ्याने म्हटलं ते तेवढं मला ऐकू आलं नाही. सगळ्या माना वळल्या. एक मास्तरासारखा दिसणारा माणूस घाईघाईने छताकडे बघायला लागला. अशीच उठून चपला घालाव्यात असं मनात आलं होतं. मागे एकदा आलेही होते तशी. पण शेजारच्या बाकावर एक बाई होती, अनोळखी. तिने माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि मग मला उठवेना.

आत एक तरुण पोरगी होती मशीनवर. मशीन म्हणजे काय विचारशील, तर आमच्या दुकानातला किल्ली पकडायचा शिकंजाच, फक्त गार. दुखतं थोडं, पण दाराच्या फटीत बोट सापडल्यावर याहून जास्त दुखतं. पंचाईत वेगळीच झाली. ती पडद्याआड जाऊन म्हणायची "श्वास रोखा" आणि मी आपली मजेत श्वास घेत उभी. फोटो हललेला. पुन्हा तेच. मला वाटलं, आता ही वैतागणार, सोबत ऐकणारं माणूस घेऊन या म्हणून घालवून देणार. तर ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली, स्वतःचे गाल फुगवले आणि हात वर केला. हात वर म्हणजे रोखायचा, हात खाली म्हणजे सोडायचा. मग काचेतून तिने चौकातल्या पोलिसासारखा हात केला आणि मी गाल फुगवून उभी. ती हसायला लागली, मग मीही. अशा जागी हसू येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या पोरीचं भलं होवो.

निकाल टपालाने कळवतील. तुझ्या त्या बाईचं काय झालं? गाडी आली का परत? तिला म्हणावं, मी गेले आणि जिवंत आहे.

तुझी नणंद

२८ मार्च

वन्सं,

आमच्याकडे मोठं कांड झालं, चांगल्या अर्थाने.

गाडी परत येणार म्हटल्यावर मी त्या बाईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. गाल फुगवायच्या जागी ती इतकी हसली की घडी घातलेली चादर हातातून सुटली. पण हसून झाल्यावर म्हणाली, "मी चढले तर सगळ्यांना कळेल, कुणाला ते." बरोबरच होतं तिचं. आणि तेवढ्यात समोरच्या टेबलावर आरडाओरड झाली, एका चादरीवर डाग राहिला होता. आमच्याकडे पद्धत अशी की डाग एका चादरीवर सापडला तरी अख्खा लॉट परत मशीनमध्ये जातो. कुठल्या चादरीचा, कुणाच्या हातचा, हे कुणी विचारत बसत नाही. लॉट म्हणजे लॉट. मी ते बघत होते आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

सुपरवायझर बाईंकडे गेले. म्हटलं, तक्रार कुणाला आहे हे पुकारायचंच नाही. टेबलाप्रमाणे बोलवा. घडीचं टेबल म्हटलं की सगळं टेबल जाईल, रोलर म्हटलं की सगळा रोलर. आणि गाडी मागच्या अंगणात लावा, जिथे मळके कपडे उतरतात, तिकडे वासानेच कुणी पुरुष फिरकत नाही. त्या म्हणाल्या, "पगार कापायचा का?" मी म्हटलं, लॉट परत गेला तर कापता का? त्यांनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. माझी आई त्यानेच गेली." आम्ही इतकी वर्षं त्यांना दगड समजत होतो. त्यांचा हात धरून नेलं, त्याच पहिल्या चढल्या.

मग आम्ही सगळ्या. ती बाई मधेच कुठेतरी चढली आणि उतरली. ड्रायव्हर मंडळी लांबून बघत होती, पण सगळ्याच बायका एका रांगेत असल्यावर चिडवणार कुणाला! लांबोडीची सासूसुद्धा आली, सुनेचा हात धरून, आणि आत जाऊन वर आम्हालाच म्हणाली, "घाबरता काय?"

माझं स्वच्छ आहे. त्या बाईला सुई घालून बघायला बोलावलं. तिची मुलगीच घेऊन गेली तिला. मुलगी म्हणाली, "आई, जे लग्न तुझ्या सुईने मोडेल ते मोडलेलंच बरं." काल कळलं, पाण्याची गाठ आहे, भ्यायचं काही नाही. टेबलावर आम्ही सगळ्या रडलो, आणि निम्म्या जणींना आपण कशाला रडतोय ते माहीत नव्हतं.

हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही मला झापलं नसतं तर मी कोणत्या तोंडाने दुसरीला सांगणार होते? तुमचा निकाल आला असेलच. कळवा.

तुमची भावजय

५ एप्रिल

वहिनीबाई,

पत्र पोचलं. तुझ्या त्या बाईचं ऐकून फार बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. ऊन वाढलंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर पाळलंय, ते माझ्याच पायरीवर बसतं. पुढच्या आठवड्यात दुकान काही दिवस बंद ठेवीन म्हणते. मशीनचं तेलपाणी राहिलंय. तेव्हा पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

भावाला आशीर्वाद.

तुझी नणंद

९ एप्रिल

वन्सं,

तुम्ही दुकान बंद ठेवणार? भावोजी गेले तेव्हा लोक भेटायला घरी येत होते आणि तुम्ही दुकानात सापडत होतात. मशीनचं तेलपाणी तुम्ही जेवता जेवता करता.

निकालाचं मी विचारलं होतं, त्यावर तुम्ही मांजराचं लिहिलंत.

शुक्रवारच्या बसने आम्ही दोघं येतोय. हे पोचवून परत फिरतील, मी राहणार आहे. विचारत नाही, कळवतेय.

तुमची भावजय

२४ जून

वहिनीबाई,

तू परत गेलीस आणि घर एवढं शांत झालं की माझ्यासारखीलाही ते कळलं. आज दुकान उघडलं. हात अजून पूर्ण वर जात नाही, पण मशीनला लागतो तेवढा जातो. किरणांचे शेवटचे शेकही घेऊन झाले. डॉक्टरीणबाईंनी काल कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "लहान होतं, तेवढंच काढलं, पसरलेलं नाही. वेळेवर आलात." तो कागद मी दुकानात गिऱ्हाईकांना दिसणार नाही असा चिकटवलाय. मला मात्र दिसतो.

तू इथे असताना हे बोलायला हवं होतं. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि हे ओरडून सांगता येत नाही. म्हणून तुझ्यासारखीच लिहायला बसले.

फेब्रुवारीत तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते दुकानात वाचलं आणि शटर ओढून घेतलं. वाटाण्याएवढं. दुखत नाही, हलत नाही. दिवा न लावता. वहिनीबाई, तुला मी लिहिलं ना, की हे रोज हात लावून बघणाऱ्यालाच माहीत असतं? मला म्हणून माहीत होतं. किल्ली कुलपात कुठे अडते ते बोटांना कळतं, तसं माझ्या बोटांना गेल्या थंडीतच कळलं होतं. एकदा दवाखान्यात गेले, काचेपाशी नुसती उभी राहिले आणि चपला घालून परत आले. त्या हॉलमध्ये ओरडून कशी सांगू? आणि घरी सांगायचं तर कुणाला? शिवाय मनात यायचं, नवरा नाही, मूल नाही, आता या वयात या शरीराकडे बघायचं कशाला आणि कुणासाठी.

मग तुझं पत्र आलं आणि मी तुझ्यावरच तुटून पडले. ती बाई तूच आहेस, म्हणून तुला झापलं. कारण ती मी आहे, हे माझ्याने लिहवेना. तुझ्याशी पैज लावली नसती तर त्या काचेपाशी मी दुसऱ्यांदा गेले नसते. तुला वाटतं मी तुम्हा सगळ्यांना गाडीत चढवलं. अगं, तूच मला त्या बाकावर बसवलंस, आणि तुला पत्ताच नव्हता.

तू इथे राहिलीस त्या दिवसांचं काय लिहू? मला कधी कुणी न्हाऊ घातलेलं आठवत नाही. आई लवकर गेली. तू पहिल्या दिवशी पाणी ओतलंस तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि तू दिवा चालूच ठेवलास. शेवटी मी स्वतः बघितलं. एक लहानशी रेघ आहे. एवढ्यासाठी मी इतके महिने अंधारात कपडे बदलत होते. तुझे माझे कितीतरी जुने वाद आहेत, ते मी काही सोडणार नाही, स्वयंपाक तू अजूनही खारटच करतेस. पण वहिनीबाई, मी तुझी आभारी आहे. हे मी कागदावर लिहून देतेय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तुझ्या टेबलावरच्या सगळ्याजणींना माझा नमस्कार सांग. त्यांनी तुझ्या पाळ्या वाटून घेतल्या म्हणून तुला इतके दिवस राहता आलं. आणि त्या एका बाईने सगळ्यांत जास्त घेतल्या, हे तू बोलून गेलीस. तिचं नाव मला सांगू नकोस. फक्त सांग की तिच्यासारखीच एक बाई इकडे आहे आणि ती बरी आहे. मुलीच्या लग्नाला बोलावलं तर येईन.

सोबत पाकिटात एक किल्ली आहे, नीट काढ, पडेल. ही माझ्या घराची. आजवर हिची दुसरी किल्ली मी कुणासाठी कापली नाही, तुझ्या नवऱ्यासाठीसुद्धा नाही, आणि धंदा माझा किल्ल्यांचा. त्या शुक्रवारी तू दार बडवत बाहेर उभी होतीस आणि मी आत बसून होते, मला ऐकूच आलं नाही. खालच्या बाईंनी येऊन माझ्या खिडकीत हात हलवला तेव्हा कुठे कळलं. दार उघडलं तर तुझी मूठ लाल झालेली होती.

आता बडवू नकोस. सरळ उघडून आत ये.

तुझी नणंद